विदूषक दार वाजवून आत येतो

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले काही शब्द मुद्दाम तसेच ठेवले आहेत.)



आपल्या सेक्रेटरींनी मला सांगितलं, "सिस्टर, आरोग्यावर काहीतरी बोला." आरोग्य म्हटलं की मंडळी आधीच बिचकतात. आता ही बाई साखर बंद, मीठ बंद, खोबरं बंद म्हणून सांगणार, आणि मालवणात राहून खोबरं बंद म्हणजे मग राहायचं कशाला! तेव्हा आधीच सांगते, आज खोबऱ्याला हात लावत नाही. आज मी विदूषकाबद्दल बोलणार आहे. सर्कशीतल्या नव्हे, इस्पितळातल्या.

हसू नका. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत परिचारिका म्हणून काढली आहेत. शेवटच्या दहा-बारा वर्षांत इस्पितळात मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली असेल, तर ती साथीची नाही, रक्ताचीही नाही. दाराबाहेर जमलेल्या माणसांची वाटली. ती माणसं कोण, तर तुमच्या-आमच्यासारखीच. घरी देवाला निरांजन लावून आलेली. त्या माणसांचं काय होतं आणि कशानं ते कमी होतं, एवढंच मला बोलायचं आहे. विदूषक त्यात कसा येतो ते सांगते.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्यात दप्तरं आपटत धावणारी पोरं होती. ती पोरं आता मुंबई, पुणे, बेंगळुरू, कोणी दुबईत. मागे राहिलो आपण. सोसायटीच्या गेटातून रिक्षा किती वेळा आली त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही, पण १०८ ची गाडी किती वेळा आली ते वॉचमनला तोंडपाठ आहे. म्हणजे इस्पितळाच्या दाराबाहेर उभं राहण्याची पाळी आपल्यातल्या प्रत्येकावर येऊन गेली आहे, नाहीतर येणार आहे.

आता विदूषक.

१९८६ साली न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कशीतले एक विदूषक, मायकेल क्रिस्टेन्सन, यांनी लहान मुलांच्या इस्पितळात जायला सुरुवात केली. एखाद्या दिवसाचा कार्यक्रम म्हणून नव्हे, नेमानं. पांढरा कोट घालायचा, नाकाला लाल बोंडूक लावायचं आणि डॉक्टरांचं सोंग आणायचं. पुढे ही पद्धत युरोपात गेली, इस्रायलात गेली. इस्रायलमध्ये २००२ पासून 'ड्रीम डॉक्टर्स' नावाची संस्था इस्पितळांत असे विदूषक नेमते आणि हैफा विद्यापीठानं तर २००६ मध्ये या विषयाची पदवीच सुरू केली. आपल्याकडे पॅच ॲडम्स यांचं नाव लोकांना १९९८ च्या सिनेमामुळे कळलं, आणि 'मुन्नाभाई'मुळे तर सगळ्या गल्लीबोळांत पोचलं. 'मुन्नाभाई' मलाही आवडतो. पण त्यातली जादूची झप्पी सरळ मिठीच मारते, समोरच्याला हवी आहे का ते विचारत नाही. इस्पितळातला खरा विदूषक विचारतो, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

हे विदूषक बहुधा जोडीनं जातात. वॉर्डात शिरण्याआधी सिस्टरकडून माहिती घेतात: कुठल्या खाटेवर कोण, कोणाला उपाशी ठेवलं आहे, कोणाला संसर्गाची भीती, कोणाची रात्र वाईट गेली. मग दाराशी येऊन थांबतात. दार वाजवतात. दार नसलं तर पडदा वाजवतात. पडदा कसा वाजवायचा यावरच मूल हसतं. आणि विचारतात, "येऊ का?" मुलानं मान फिरवली तर आत जात नाहीत. निघून जाणं हाच मग खेळ होतो. जाताना एक दारावर आपटतो, दुसरा त्याला ओरडतो, आणि मूल खाटेवरून सांगतं, "जा, अजून लांब जा!"

हे मला वाचायला मिळालं तेव्हा मी बराच वेळ त्याच्यावर विचार करत बसले. इस्पितळातल्या मुलाला कोण काय विचारतं? सुई टोचू का म्हणून कोणी विचारत नाही. थर्मामीटर, सलाईन, कडू औषध, राउंडला आलेले आठ शिकाऊ डॉक्टर, सगळे न विचारता येतात. आमचाही इलाज नसतो. चाळीस खाटांना दोन सिस्टर असल्या तर विचारत बसायला वेळ कुठला! त्या सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांत हा एकटाच असा, की ज्याला मूल 'चालता हो' म्हणू शकतं आणि तो खरंच चालता होतो. हातातलं सगळं गेलेल्या माणसाच्या हातात त्यामुळे एक तरी गोष्ट परत येते.

कोकणातल्या माणसाला हे नवीन वाटायला नको. आपला संकासुर आठवा. दहीकाल्याला रात्री आडदशावतारात गणपती येतो, ऋद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. आणि मग काळ्या वेशातला, काळा बुरखा घातलेला संकासुर. तो वेद चोरणारा असुर. पण प्रेक्षक त्याचीच वाट बघत असतात, कारण बाकीचे देव पुस्तकी भाषेत बोलतात आणि हा मालवणीत. त्याला कोणालाही काहीही बोलायची मुभा. सरपंच पुढे बसला असेल तर सरपंचाला, देवस्थानच्या मानकऱ्याला, समोरच्या सूत्रधाराला तर पदोपदी. त्याला लिहिलेली संहिता नाही. समोर काय दिसतं त्यावर बोलायचं. लहान मुलं आधी त्याला बघून आईच्या पदरात शिरतात, मग पदरातून एक डोळा बाहेर काढतात, मग हसतात. हल्ली वेळ नाही म्हणून आडदशावतार उरकून घेतात, संकासुर दोन वाक्यं बोलून पळतो. मला वाईट वाटतं. असो, तो वेगळा विषय.

विदूषकानं फरक पडतो का, हे मोजायचा प्रयत्न झाला आहे. २००५ साली इटलीत फ्लॉरेन्समधल्या मुलांच्या इस्पितळात ४० मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशनच्या आधी भूल देताना निम्म्या मुलांबरोबर आईवडिलांशिवाय विदूषकही होते, निम्म्यांबरोबर फक्त आईवडील. विदूषक असलेली मुलं भूल देताना बरीच कमी घाबरली. मला त्यातली गंमत पुढची वाटते. इतकं चांगलं निघूनही ऑपरेशन थिएटरच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी हे पुढे चालू ठेवायला नकार दिला. म्हणे कामात अडथळा येतो! मी त्यांना दोष देणार नाही. भूलतज्ज्ञ घड्याळ बघतोय, पुढची केस ट्रॉलीवर आहे, आणि मध्येच एक माणूस स्टेथोस्कोप केळ्याला लावून बसलाय. थिएटरमध्ये काम केलेल्या कुठल्याही सिस्टरला ते समजेल.

२०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने अशा २४ अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. १,६१२ मुलं. भीती, मनाची अस्वस्थता कमी होते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं. मोठ्या अभ्यासांच्या मानानं हे आकडे लहानच. शिवाय गोळीच्या बाबतीत खरी आणि खोटी एकसारखी दिसते, पण लाल नाक लपवता येत नाही. कोणाला विदूषक मिळाला ते सगळ्यांना माहीतच असतं. तेव्हा विदूषक म्हणजे रामबाण, असं मी म्हणणार नाही. नंतर २०२३ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट तपासली: विदूषक भेटलेल्या रुग्णांचं आणि नातेवाइकांचं समाधान वाढतं का, आणि त्यांच्यातली आक्रमकता कमी होते का. दोन्ही होतं, असं त्यांना आढळलं. नुसत्या मुलांचं नाही, दाराबाहेरच्या माणसांचंसुद्धा. इथे माझे कान टवकारले, कारण हा तर आपला महाराष्ट्राचा प्रश्न.

२००१ साली ठाण्यात आनंद दिघे यांचं निधन झाल्यावर सिंघानिया रुग्णालय जाळलं गेलं, ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी टीव्हीवर पाहिलंय. २०१० मध्ये राज्यानं डॉक्टर आणि इस्पितळांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोडीच्या दुप्पट भरपाई, आणि गुन्हा अजामीनपात्र. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला जमावानं मारलं, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. आणखीही ठिकाणी मारहाणी झाल्या आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण उच्च न्यायालयात पोचलं. सरकारनं सुमारे ११०० सुरक्षारक्षक द्यायचं कबूल केलं, एका रुग्णामागे दोनच नातेवाइकांना पास असं ठरलं.

रक्षक हवेतच. रात्री दोन वाजता एकटी सिस्टर आणि समोर वीस माणसं, तेव्हा रक्षकाची किंमत कळते. कायदाही हवा. पण कायद्याची पाटी कुठे लावतात बघितलंत का? अपघात विभागाच्या दाराशी. बाप पोराला खांद्यावर टाकून धावत येतो, आणि इस्पितळ त्याच्याशी जे पहिलं वाक्य बोलतं ते हे, की हात उचललास तर तीन वर्षं आत जाशील. त्याच्या शेजारची पाटी, 'थुंकू नये'. तिसरी, 'शांतता राखा'. पोराला कुठे नेलं, किती वेळ लागेल, विचारायचं कोणाला, याची पाटी शोधून सापडत नाही.

इंग्लंडात डिझाइन कौन्सिल नावाच्या संस्थेनं २०११ च्या सुमारास यावर काम केलं. अपघात विभागात माणसं भडकतात ती कशानं, हे नीट पाहिलं, आणि साध्या पाट्या केल्या: तुम्ही आता या टप्प्यावर आहात, इथे काय होतं, पुढे काय होईल, तुमच्या नंतर आलेला आधी आत का गेला. दोन इस्पितळांत त्या लावून बघितल्या. चारातल्या तीन रुग्णांनी सांगितलं की वाट पाहण्याचा वैताग कमी झाला. धमकावणं, अंगावर जाणं निम्म्यावर आलं. पाट्यांनी! त्यात एकही विदूषक नव्हता.

मग विदूषक आणि पाटी यांत सारखं काय, असं तुम्ही विचाराल. त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगते. इस्पितळाचं नाव घेत नाही, माणसाचंही नाही. त्याला सगळे मामा म्हणत. इस्पितळात तसेही सगळे वॉर्डबॉय मामाच असतात. हा मामा हंगामात एका दशावतारी कंपनीत काम करायचा. कार्तिकापासून त्याच्या रजेच्या अर्जांना अंत नसे, आणि मोठे साहेब चिडायचे. पण त्याच साहेबांनी त्याची ड्युटी कायम अपघात विभागात लावून ठेवली होती. का, ते मला एका रात्री कळलं.

स्कूटरवरून पडलेला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा आणला होता. मागोमाग टेम्पो भरून माणसं. पंधरा मिनिटांत दारावर थापा सुरू झाल्या. "आमका कोण काय सांगना नाय!" एकजण ओरडत होता. तो मुलाचा बाप नव्हता, भाऊही नव्हता. हे लक्षात ठेवा, मी चौतीस वर्षं बघितलंय: आई कधी ओरडत नाही. ती भिंतीला टेकून खाली बसलेली असते. ओरडतो तो उशिरा आलेला. लांबचा काका, नाहीतर फोनवर मुंबईहून सल्ले देणारा. जवळ नव्हतो, आता काहीतरी केलं पाहिजे, असं त्याच्या पोटात ढवळत असतं, आणि करण्यासारखं त्याच्या हातात काही नसतं. मग तो दार बडवतो.

मामा दार उघडून बाहेर गेला आणि दार मागे लावून घेतलं. त्या ओरडणाऱ्यासमोर जाऊन चक्क जमिनीवर बसला. उभ्या माणसाला बसलेल्यावर ओरडायला जरा जड जातं. मामा म्हणाला, "माका तरी कोण सांगता? मिया पण दाराच्या फटीतसून बगतंय." कोणीतरी फिसकन हसलं. मग म्हणाला, "मारूचा तर माका मारा, पण आदी चाय पिवया." आणि लगेच आवाज बदलून, अगदी सरळ: "झीलाक हाडाचो फोटो काढूक नेल्यानी हा. अर्धो तास लागतलो. मगे डॉक्टर भायर येवन सांगतले. मिया तेंका घेवन येतंय." मग त्या ओरडणाऱ्याच्या हातात कागद दिले. "तुमी मोठे. तुमी ह्ये धरा. रक्त लागला तर कोण कोण देतला, तेंची नावां लिवन ठेवा." झालं. तो माणूस पेन मागत फिरायला लागला. नंतर मामानं एक खुर्ची कुठून तरी ओढून आणली आणि आईला उचलून तिच्यावर बसवलं.

आणि अर्ध्या तासानं, बरोब्बर अर्ध्या तासानं, फोटो अजून आले नव्हते तरी मामा डॉक्टरांना हाताला धरून बाहेर घेऊन गेला. "अजून कळूक नाय" हे सांगायला. डॉक्टर तरुण होते, कुरकुरत गेले. पण गेले.

विनोद किती होता यात? दीड वाक्य. बाकी सगळी खबर होती, आणि दिलेल्या वेळेला परत येणं होतं. ते दीड वाक्य मात्र नसतं तर पुढची खबर कोणी ऐकली नसती, हेही मी बघितलंय. तीच खबर मी दारातून उभ्यानं, एप्रन घालून सांगितली की ती हुकमासारखी लागते. मामा आधी स्वतःला सगळ्यांच्या खाली नेऊन ठेवायचा. विदूषकाचं लाल नाक तेच करतं. त्या खोलीत कोणीतरी आपल्याहून अडाणी, आपल्याहून गोंधळलेला आहे, हे दिसलं की माणसाच्या वळलेल्या मुठी सैल होतात.

आणि मामाला कुठे थांबायचं ते कळायचं. ज्या रात्री बातमी वाईट असे त्या रात्री तो एक शब्द बोलत नसे. डोक्याला गुंडाळलेला पंचा काढून भिंतीशी उभा राहायचा, पाणी आणून ठेवायचा.

मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला लोखंडवाला भागातल्या बागेत पाच माणसांना घेऊन हास्य क्लब सुरू केला, तो आता जगभर गेलाय. त्यांनाही हेच आढळलं होतं. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत विनोद संपले, उरले ते चावट आणि कोणाला तरी झोंबणारे. मग त्यांनी विनोदच काढून टाकले. इस्पितळात तर झोंबायला काही लागतच नाही, माणूस आधीच सोललेला असतो.

आता एक कडू गोष्ट, कारण नाहीतर तुम्ही म्हणाल सिस्टर निवृत्त झाल्यावर भोळी झाली. 'रुग्णाचं समाधान' हा हल्ली फॉर्मवरचा शब्द झालाय. समाधानी रुग्ण आणि नीट उपचार मिळालेला रुग्ण हे दोन वेगळे असू शकतात. हसतमुखानं चुकीची गोळी दिली तरी फॉर्मवर पाचपैकी पाच मिळतील. आपल्या जिल्ह्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मालवणातून ओरोसला, ओरोसहून कोल्हापूरला नाहीतर बांबोळीला. विशेषज्ञांची पदं रिकामी राहतात, आता ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय तरी हृदयाचं किंवा डोक्याचं काही निघालं की आपण अजून गोव्याची वाट धरतो. शंभराहून जास्त किलोमीटर, मध्यरात्री, आणि २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्यांना पैसेही मोजावे लागतात. दुसऱ्यांदा 'पुढे न्या' ऐकल्यावर जो राग येतो तो खोटा नाही. रिकाम्या पदावर लाल नाक चिकटवून तो राग कोणी शांत करायला निघालं तर मी त्या विदूषकालाच आधी हाकलीन. डॉक्टर हवा तिथे डॉक्टरच हवा. विदूषक वाट पाहणं सोपं करील, वाट पाहायला लावणाऱ्याला माफी मिळवून देणं हे त्याचं काम नव्हे.

तरीही, डॉक्टर पूर्ण असले तरी वाट पाहणं राहतंच. हाडाच्या फोटोला अर्धा तास मुंबईतही लागतो. त्या अर्ध्या तासाचं आपण काय करू शकतो?

दिल्लीत २०१६ पासून 'क्लाउनसेलर्स' नावाचा गट आहे. आपापले नोकरी-धंदे सांभाळून माणसं चाचा नेहरू बाल चिकित्सालयात विदूषक होऊन जातात. आपल्याकडे मात्र इस्पितळात बाहेरून माणसं येतात ती बहुधा फळवाटपाला. नेत्याचा वाढदिवस असला की आम्हाला आधीच कळायचं, कारण त्या दिवशी वॉर्ड झाडायला सांगायचे. आठ माणसं एक केळं धरून उभी, पेशंटनं कॅमेऱ्याकडे बघायचं. मधुमेहाच्या पेशंटला चिकू. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या मुलाच्या हातात सफरचंद, आणि आपण गेल्यावर ते काढून घ्यायचं काम सिस्टरचं. विदूषक याच्या बरोबर उलट. तो रिकाम्या हातानं येतो, आणि फोटोत असलाच तर वेडाविद्रा असतो.

माझं सोसायटीला मागणं दोन गोष्टींचं आहे.

पहिलं घरातलं. आपल्यातल्या कोणाला रात्री न्यायची वेळ आली की चार गाड्या आणि अकरा माणसं निघतात. प्रेमानंच निघतात. पण इस्पितळाच्या दारात ती गर्दीच होते, आणि त्या अकरांतला एक तरी दार बडवणारा निघतो. (नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसलेत.) यापुढे दोघांनीच जावं. एकानं डॉक्टरांशी बोलावं, आणि तोच बोलेल, बाकी कोणी नाही. दुसऱ्यानं घरच्या माणसाजवळ बसावं, चहा-पाणी बघावं आणि दर अर्ध्या तासानं, काही कळलेलं नसलं तरी, ग्रुपवर एक ओळ टाकावी. उरलेल्या नऊ जणांसाठी घरी ढीगभर काम असतं: मागे राहिलेल्या म्हाताऱ्याचं जेवण, मुंबईच्या मुलाला फोन, त्याला स्टेशनवरून आणायची सोय. आणि प्रत्येक घराची एक फाईल ऑफिसच्या कपाटात राहू दे. चालू औषधं, जुने आजार, रक्तगट, मुलांचे नंबर. रात्री दोन वाजता डॉक्टर जे विचारतो ते एवढंच असतं, आणि त्या वेळी नेमकं कोणालाच आठवत नाही.

दुसरं बाहेरचं. महिन्यातून एक दुपार, वैद्यकीय अधीक्षकांची लेखी परवानगी काढून, तिघाचौघांनी मुलांच्या वॉर्डात आणि बाहेरच्या बाकांवर जायचं. नियम मी घालणार, ते आताच ऐका. हात धुवून जायचं. शिंकणारा-खोकणारा घरी थांबेल. खाऊ नाही, फळं नाहीत, फुगे नाहीत; फुगा फुटून पोरगं दचकतं आणि तुकडे घशात जातात. फोटो एकही नाही, सोसायटीच्या ग्रुपसाठीसुद्धा नाही. आत जाण्याआधी ड्युटीवरच्या सिस्टरला विचारायचं. दार वाजवायचं. मुलानं तोंड फिरवलं की तसंच मागे यायचं, आणि येताना निदान चप्पल तरी विसरून यायची, म्हणजे त्याला हसायला काहीतरी राहील. बाहेरच्या बाकांवर मात्र सोंग नको. तिथे नुसतं शेजारी बसायचं आणि विचारायचं, "कोणाला आणलंय?" एवढ्यावर माणूस अर्धा तास बोलतो.

दशावतारात काम केलेले दोघं आपल्याच बी विंगमध्ये आहेत, त्यांना मी आधीच धरलंय. आणखी तीन नावं हवीत. शेवपुरी संपायच्या आत सेक्रेटरींच्या वहीत लिहा. ज्यांना पुष्कळ जोक पाठ आहेत त्यांनी मात्र कृपा करून पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं.